कावसजीचं नाक आणि कावसजीचा हात



आजचा विषय आहे तुटलेल्या अवयवाचा इतिहास. शस्त्रक्रियेचा इतिहास सांगायचा अधिकार डॉक्टरांचा, त्यात मी फारसा शिरणार नाही. हात किंवा पाय गेलेला माणूस स्वतःच्या शरीराकडे कसा बघतो, बाकीचे त्याच्याकडे कसे बघतात, आणि या दोन बघण्यांचा एकमेकांशी काय संबंध असतो, एवढंच मला बोलायचं आहे. विषय फार पसरट आहे, म्हणून सुरुवात एका माणसापासून करू. हा माणूस आपल्या पुण्याशी जोडलेला आहे आणि जगभरच्या शल्यचिकित्सेच्या पुस्तकांत त्याचं नाव सापडतं.

१७९० ते १७९२ या काळात इंग्रज, निजाम आणि मराठे एकत्र येऊन टिपू सुलतानाशी लढत होते. त्या काळची फौज बैलांच्या पाठीवर चालायची. दाणागोटा, तंबू, तोफांचं सामान, सगळं बैलांवर. इंग्रजांच्या फौजेबरोबर बैल हाकणारा एक गडी होता. इंग्रजांनी त्याचं नाव कावसजी असं लिहून ठेवलं आहे. नाव पारशी वाटतं, पण नोंदीत तो मराठा शेतकरी आहे. मूळ नाव कावजी असेल, कुसाजी असेल, काही असेल. तो टिपूच्या कैदेत सापडला. तिथे त्याचं नाक कापलं आणि एक हात तोडला. त्याच अवस्थेत तो श्रीरंगपट्टणजवळ मुंबईच्या फौजेला येऊन मिळाला. पुढे कंपनी सरकारने त्याला पेन्शन बांधून दिलं. वर्षभराहून अधिक काळ तो नाकाशिवाय राहिला, आणि मग पुण्याजवळच्या एका माणसाने त्याला नवं नाक बसवलं. हा माणूस वीटकाम करणाऱ्या जातीचा होता असं नोंद सांगते. आपण त्याला कुंभार म्हणू.

त्याने काय केलं ते ऐकण्यासारखं आहे. मेणाचा पातळ पत्रा घेतला, नाकाच्या उरलेल्या खुंटावर बसवून नीट आकाराचं नाक तयार केलं. मग ते मेण सपाट करून कपाळावर ठेवलं आणि भोवतीने रेघ ओढली. तेवढी कातडी कपाळावरून सोडवली, पण दोन डोळ्यांच्या मधला एक चिंचोळा पट्टा तसाच जोडलेला ठेवला, रक्तपुरवठा तुटू नये म्हणून. मग ती कातडी अर्धी पिळून खाली आणली आणि नाकाच्या जागी छेद घेऊन त्यात खोचली. वरून काताचं पाणी लावलेल्या कापडाच्या पट्ट्या. कात म्हणजे आपल्या विड्यातला कात. चार दिवसांनी त्या काढून तुपात भिजवलेलं कापड. पंचविसाव्या दिवसाच्या सुमाराला तो जोडपट्टा कापला, की नाक तयार!

मुंबई इलाख्याच्या दोन इंग्रज डॉक्टरांनी ही शस्त्रक्रिया स्वतः पाहिली होती. पुण्यात त्या वेळी जेम्स वेल्स नावाचा स्कॉटिश चित्रकार होता. सवाई माधवराव आणि नाना फडणीस यांची चित्रं काढणारा तोच. त्याने १७९४ च्या जानेवारीत, म्हणजे शस्त्रक्रियेनंतर दहा महिन्यांनी, कावसजीचं चित्र काढलं. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये ही सगळी हकीगत आकृत्यांसह छापून आली. ती वाचून जोसेफ कार्प्यू या सर्जनने बरीच वर्षं विचार आणि सराव केला, १८१४ मध्ये लंडनमध्ये तशी शस्त्रक्रिया केली आणि १८१६ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. आजच्या प्लास्टिक सर्जरीचा एक मोठा झरा तिथून निघतो. हे आपण अभिमानाने सांगतो आणि सांगायलाच हवं.

पण या गोष्टीत एक प्रश्न विचारायचा राहून गेला आहे. कावसजीचं नाक परत आलं. त्याच्या हाताचं काय झालं?

मूळ नोंदीत हात एकाच वाक्यात येतो आणि जातो. तो उजवा होता की डावा, हेही तिथे नाही. पुढे नाकावर पुस्तकं लिहिली गेली, संग्रहालयांत चित्रं लागली. हाताबद्दल अवाक्षर नाही. बैल हाकणारा माणूस एका हाताने कासरा कसा धरत होता, जू कसं चढवत होता, धोतर कसं नेसत होता, भाकरी कशी मोडून खात होता, हे कोणी विचारलेलं नाही. पेन्शनवर त्याचं भागत होतं का, हेही नाही.

आता इतिहासाच्या विद्यार्थ्याने न्यायाने बोललं पाहिजे. नाकावर इलाज होता, हातावर नव्हता. कपाळाच्या कातडीचं नाक होतं, हात होत नाही. माणसाला दुसऱ्याचा हात जोडण्याची शस्त्रक्रिया यशस्वी व्हायला १९९८ साल उजाडावं लागलं, तेही फ्रान्समध्ये लियाँला. तेव्हा पुण्याच्या कुंभाराला दोष देण्यात अर्थ नाही. पण इलाज नसणं वेगळं आणि चौकशी नसणं वेगळं. कृत्रिम हाताची कल्पना जगात नवी नव्हती. जर्मनीतला सरदार गॉट्झ फॉन बेर्लिशिंगन याचा हात १५०४ साली तोफेच्या गोळ्याने गेला. त्याने लोखंडी हात करून घेतला. त्या हाताची बोटं वाकवून जागच्या जागी अडकवता येत. पुढे तो कित्येक वर्षं लढत राहिला आणि 'लोखंडी हाताचा गॉट्झ' म्हणून ओळखला गेला. सरदाराचा हात गेला तर ती पदवी होते. गड्याचा गेला तर?

मला वाटतं, इथे आपल्याला या विषयाची किल्ली सापडते. अवयव जातो तेव्हा माणसाचं एक नव्हे, दोन नुकसान होतात. एक नुकसान दुसऱ्यांच्या डोळ्यांत होतं. दुसरं त्याच्या स्वतःच्या करण्यात आणि जाणवण्यात होतं. पहिल्याला आपण आजपुरतं 'नाकाचं नुकसान' म्हणू आणि दुसऱ्याला 'हाताचं नुकसान'. पाय गेला, बोटं गेली, तरी ही दोन्ही नुकसानं असतातच. समाज पहिलं नुकसान चटकन ओळखतो, कारण ते समाजालाच दिसतं. दुसरं ओळखायला विचारावं लागतं, आणि विचारायची सवय आपल्याला कमी.

आपली भाषाच बघा ना. नाक कापलं गेलं, नाक राहिलं, नाक वर करून चालणं, नाक घासणं. मराठीत नाक म्हणजे अब्रू, आणि अब्रू दुसऱ्यांच्या हातात असते. हाताचे वाक्प्रचार निराळे आहेत. हातावर पोट असणं, हात देणं, हातभार लावणं, हात आखडता घेणं, हातपाय हलवणं. हे सगळे करण्याचे शब्द आहेत. नाक असतं, हात करतो.

त्या काळात नाक कापणं ही मुळात दुसऱ्यांच्या डोळ्यांसाठी दिलेली शिक्षा होती. व्यभिचाराच्या संशयाने बायकांची नाकं कापली जात. चोराचा हात तोडत. ज्या अवयवाने गुन्हा केला त्या अवयवाला शासन, हे तत्त्व मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात आहे. म्हणजे तुटलेला अवयव हा नुसती जखम नव्हता, तो निकाल होता. रस्त्यात अनोळखी माणूस भेटला आणि त्याला नाक नाही किंवा हात नाही, तर बघणाऱ्याच्या मनात पहिला प्रश्न 'याला काय झालं?' हा नसे. 'याने काय केलं?' हा असे. कावसजीने काहीच केलं नव्हतं, तो युद्धातला कैदी होता. पण गावोगाव प्रत्येकाला थांबवून तो हे सांगत बसणार का? नवं नाक म्हणजे त्या रोजच्या खुलाशातून सुटका होती. म्हणून त्या कुंभाराचं काम नुसत्या दिखाव्याचं होतं असं मी म्हणणार नाही. त्याने एका माणसाला रस्त्यावरून खाली मान न घालता चालण्याची सोय करून दिली.

शिक्षेची आठवण निघाली म्हणून सांगतो. रांझ्याच्या पाटलाची गोष्ट आपल्याला शाळेपासून माहीत आहे. १६४६ च्या पत्रात ती नोंद आहे. बदअंमल केला म्हणून शिवाजी महाराजांनी बाबाजी गुजर पाटलाचे हातपाय तोडवले. न्यायाची गोष्ट म्हणून आपण ती सांगतो आणि तिथे थांबतो. त्याच पत्रात पुढे असंही आहे की त्याच्याच कुळातल्या सोनजी गुजराने अर्ज केला आणि त्याला आपल्या हवाली करून घेतलं. म्हणजे शिक्षा झाली त्याच्या दुसऱ्या दिवसापासून कोणीतरी त्या माणसाला जेवू घालत होतं, उचलून ठेवत होतं. गुन्हेगार होता, शिक्षा झाली, ठीक. पण शिक्षेनंतरचं आयुष्य ही सुद्धा इतिहासाची वस्तू आहे, आणि ती पत्राच्या त्या एका वाक्यात उभी आहे.

आता थोडं माझ्या विषयाकडे, तत्त्वज्ञानाकडे येतो. घाबरू नका, फार वेळ घेणार नाही.

देकार्तने १६४४ च्या आपल्या ग्रंथात एका मुलीची हकीगत दिली आहे. तिच्या हाताला मोठा विकार होता. शल्यचिकित्सक आला की तिचे डोळे बांधत. पुढे हात सडला आणि कोपरापर्यंत कापावा लागला. जागी कापडं गुंडाळून ठेवली, त्यामुळे हात गेल्याचं तिला बरेच दिवस कळलंच नाही. आणि या काळात ती तक्रार करायची की या बोटात दुखतंय, त्या बोटात दुखतंय. बोटं तर जागेवर नव्हती! देकार्तला यातून सिद्ध करायचं होतं की वेदना हातात नसते, मनात असते. त्याच्या युक्तिवादात आपण शिरायला नको. आपल्याला एवढं पुरे की जो हात जगाच्या दृष्टीने संपला होता, तो त्या मुलीच्या दृष्टीने शिल्लक होता.

अमेरिकेतल्या यादवी युद्धात हजारो सैनिकांचे हातपाय कापावे लागले. फिलाडेल्फियाचे डॉक्टर सायलस वियर मिचेल यांनी असे शेकडो रुग्ण पाहिले. गेलेला हात खाजतो, गेलेल्या पायात गोळा येतो, हे सैनिक सांगत. या अनुभवाला मिचेल यांनीच १८७१ मध्ये भुताचं नाव दिलं, 'फँटम लिम्ब'. मराठीत आपण त्याला आभासी अवयव म्हणतो. पण त्याआधी, १८६६ मध्ये, त्यांनी एका मासिकात नाव न देता एक कथा लिहिली होती. चारही अवयव गेलेल्या सैनिकाची ती कथा. कथा सपशेल काल्पनिक. पण वाचकांना ती खरी वाटली आणि त्या सैनिकासाठी लोकांनी पैसे पाठवले! गंमत वाटते खरी. पण यात एक कडू गोष्टही आहे. कथेतल्या सैनिकासाठी वर्गणी जमली. खरे सैनिक मात्र 'नसलेला हात दुखतो' असं सांगितलं तर लोक वेडा म्हणतील म्हणून गप्प बसत.

विसाव्या शतकात फ्रेंच तत्त्वज्ञ मर्लो-पाँती याने १९४५ च्या ग्रंथात या अनुभवाचा फार खोल विचार केला. त्याचं म्हणणं माझ्या शब्दांत सांगतो. शरीर ही माझ्याजवळ असलेली एक वस्तू नाही. शरीरामुळेच मला जगात वस्तू दिसतात, 'उचलायचा तांब्या', 'उघडायची कडी', 'बांधायची नाडी' म्हणून दिसतात. हात जातो तेव्हा तांब्या तिथेच असतो, आणि तो अजूनही 'उचल' असं म्हणत असतो. म्हणून हात गेला की एक अवयव वजा झाला एवढंच होत नाही. घरातली प्रत्येक वस्तू जागची हलते.

आपल्याकडे तर यात आणखी एक पदर आहे. माझ्या आजोळी उसाच्या गुऱ्हाळावर चरकात उजवा हात गेलेला एक माणूस होता. सगळा गाव त्याला थोटे तात्या म्हणायचा. खरं नाव काय, ते मी लहानपणी कधी ऐकलंच नाही. माणूस उद्योगी. डाव्या हाताने वैरण टाकायचा, पेरणीला जायचा. पण देवळात प्रसाद घ्यायची वेळ आली की अडचण. उजवा हात नाही, आणि डाव्या हातावर प्रसाद द्यायचा नाही. मग पुजारी त्याच्या उपरण्याच्या टोकात तो टाकायचा. यात पुजाऱ्याची दुष्टता काही नव्हती. उलट त्याने वाट काढली होती असंच सगळे समजत. पण रोज सगळ्यांच्या हातावर पडणारी गोष्ट एकाच्या उपरण्यात पडते, हे त्या माणसाला दर वेळी कळत असणारच. नमस्कारालाही दोन हात लागतात. आपल्या संस्कृतीत जेवण, देणंघेणं, वंदन, सगळं हातांच्या व्याकरणावर बसवलेलं आहे. एक हात गेला की ते व्याकरण माणसाला रोज चुकवायला लावतं.

आता कायद्याकडे बघू, कारण समाज काय मानतो ते कायद्यात टक्केवारीने लिहिलेलं असतं. १९२३ चा कामगार नुकसानभरपाईचा कायदा. त्याच्या पहिल्या परिशिष्टात, पुढच्या सुधारणांसह, एक तक्ता आहे. कोणता अवयव गेला तर कमाईची शक्ती किती टक्के गेली असं धरायचं, त्याचा. अंगठा गेला तर ३० टक्के. एक हात गेला तर ६० टक्के. दोन्ही हात गेले तर अर्थातच १००. आणि त्याच १०० टक्क्यांच्या यादीत एक नोंद आहे: चेहऱ्याचं अतिशय गंभीर विद्रूपीकरण. वाचताना मी थबकलो होतो. विद्रूप चेहऱ्याचा माणूस दोन्ही हातांनी काम करू शकतो. तरी कायदा म्हणतो की त्याची कमाईची शक्ती पूर्ण संपली. कायदा चुकला का? मला वाटतं, तो निर्दयपणे खरं बोलतो आहे. कमाई नुसत्या हातांनी होत नाही. कोणीतरी कामावर ठेवावं लागतं, आणि ठेवणारा आधी तोंड बघतो. कावसजीच्या नाकाला आणि हाताला त्याच्या काळाने जी किंमत दिली, तीच क्रमवारी विसाव्या शतकात टक्केवारी होऊन आली.

मग कृत्रिम अवयवाने यातलं कोणतं नुकसान भरून काढायचं? अमेरिकेत डॉरन्स नावाच्या माणसाचा हात लाकडाच्या गिरणीत गेला. त्याने स्वतःसाठी दोन पात्यांचा आकडा तयार केला आणि १९१२ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. दुसऱ्या खांद्यावरून पट्टा येतो, खांदा हलवला की आकडा उघडतो, रबर त्याला मिटवतं. साधी युक्ती, पण त्याने खिळा उचलता येतो, पाकीट धरता येतं. दिसायला मात्र तो आकडाच. याउलट हुबेहूब बोटं, नखं, शिरा असलेला रबरी हात मिळतो. लांबून कोणाला कळत नाही, पण तो बहुतेक काही करत नाही. शंभर वर्षं हात गेलेल्या माणसापुढे हीच निवड आहे. आकडा घालून काम करायचं, की हात घालून लग्नाला जायचं? अनेकांनी दोन्ही ठेवले. कपाटात एक हात कामाचा, एक हात लोकांचा.

याचा फार बोलका दाखला थॅलिडोमाइडच्या मुलांचा आहे. गरोदरपणी घेतलेल्या त्या औषधामुळे १९६० च्या आसपास युरोपात हजारो मुलं अपुऱ्या हातापायांनी जन्मली. त्यांना दाबलेल्या वायूवर चालणारे जड कृत्रिम हात बसवले गेले. पुष्कळ मुलांनी ते काढून टाकले. ती पायांनी लिहीत, आखूड हातांनी आपापलं जेवत. त्यांना काहीतरी हरवल्यासारखं वाटतच नव्हतं. जन्मापासून तेच त्यांचं शरीर होतं. ते यांत्रिक हात बऱ्याच अंशी मोठ्यांच्या समाधानासाठी होते. कोणतं शरीर 'पुरं' आणि कोणतं 'अपुरं', हे ठरवणारा कोण, हा प्रश्न त्या मुलांनी न बोलता विचारला.

आता परत आपल्याकडे येऊ. पहिल्या महायुद्धात जायबंदी झालेल्या हिंदी सैनिकांसाठी १९१७ मध्ये मुंबईत क्वीन मेरीच्या नावाने एक संस्था निघाली. पुढे ती खडकीला आली आणि अजून आहे. तिचा हेतू सैनिकाला काहीतरी काम शिकवावं, तो आपल्या पायावर उभा राहावा, हा. 'आपल्या पायावर उभं राहणं' हा शब्दप्रयोग इथे किती विचित्र वाटतो बघा! १९४४ मध्ये, दुसऱ्या महायुद्धात, पुण्यात लष्कराचं कृत्रिम अवयव केंद्र सुरू झालं. पुढे तिथे नागरिकांवरही उपचार होऊ लागले. ज्या पुण्याजवळ कावसजीला नाक मिळालं, तिथे हातपाय मिळायला दीडशे वर्षं लागली.

आणि मग जयपूर. जयपूरच्या सवाई मानसिंग रुग्णालयात डॉ. प्रमोद करण सेठी हे अस्थिशल्यचिकित्सक होते. त्यांच्या लक्षात आलं की रुग्णांना पाश्चात्त्य पद्धतीचा पाय बसवून घरी पाठवलं, तरी लोक थोड्या दिवसांनी परत कुबड्या घेऊन दिसतात. पाय कुठे गेला? घरात कोपऱ्यात. कारण तो पाय बुटात घालायचा पाय होता. त्याचा घोटा वाकत नसे. उकिडवं बसता येत नसे, मांडी घालता येत नसे. बूट घालून स्वयंपाकघरात जाता येत नाही, देवळात जाता येत नाही, चिखलातल्या शेतात उतरता येत नाही. तो पाय खुर्चीत बसणाऱ्या समाजाचा होता.

यावर उत्तर शोधलं ते डॉक्टरांनी आणि रामचंद्र शर्मा या कारागिराने मिळून. शर्मांना लोक मास्टरजी म्हणत. शालेय शिक्षण फारसं नाही, हातात कला मात्र होती. १९६० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी रबराचं पाऊल घडवलं, टायर रिट्रेडिंगवाल्याच्या मदतीने ते साच्यात भाजून घेतलं. रंग कातडीचा, अंगठा वेगळा, म्हणजे त्यात चप्पल घालता येते आणि अनवाणीही चालता येतं. घोटा सगळीकडे वळतो. या पावलावर झाडावर चढता येतं, सायकल मारता येते, पाण्यात उभं राहता येतं. १९७५ मध्ये डी. आर. मेहता यांनी त्यासाठी समिती स्थापन केली आणि हे पाऊल मोफत पोचायला लागलं. १९८१ मध्ये डॉ. सेठींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मास्टरजींचं नाव त्या मानाने मागेच राहिलं. पुण्याच्या कुंभाराचं तर नावही कोणी लिहून ठेवलं नाही. कारागिराच्या बाबतीत आपला इतिहास असाच विसराळू आहे.

जयपूर फूटचं मला मोठं मोल वाटतं ते स्वस्तपणाचं नाही. या पावलात नाक आणि हात एकत्र आले. ते दिसायला पावलासारखं आहे आणि काम पावलाचं करतं. आणि हे कशामुळे जमलं? घडवणाऱ्यांनी विचारलं म्हणून. तुम्ही पाय काढून का ठेवलात? कुठे बसता? कुठे जाता?

पण इथे गोष्ट गोड होऊन संपत नाही. सुधा चंद्रन यांचं नाव सगळ्यांना माहीत आहे. मुंबईत वाढलेली नर्तिका. १९८१ मध्ये बसच्या अपघातानंतर एक पाय कापावा लागला, आणि १९८४ मध्ये त्या जयपूर फूट लावून पुन्हा रंगमंचावर नाचल्या. त्यांच्यावर निघालेल्या चित्रपटात भूमिकाही त्यांनीच केली. थक्क करणारी गोष्ट आहे, वादच नाही. पण तेव्हापासून आपल्या बघण्यात एक नवीन अपेक्षा शिरली. पाय गेलेल्या माणसाने आता नाचून दाखवावं, शिखर चढून दाखवावं! आधी आपण कीव करत होतो, आता टाळ्या वाजवतो. दोन्हींत आपण बघणारेच राहतो आणि तो बघण्याचा विषय. ज्याला नाचायचं नाही, नुसतं सकाळी उठून दूध आणायला जायचं आहे, त्याचं काय? आणि टाळ्यांचाही भरवसा किती? त्याच सुधा चंद्रन यांनी २०२१ मध्ये जाहीर तक्रार केली, की विमानतळावरच्या तपासणीत दर वेळी त्यांना कृत्रिम पाय काढून दाखवायला सांगतात. साऱ्या देशाने ज्या पायासाठी टाळ्या वाजवल्या, त्या पायाला दारात अजून ओळखपत्र लागतं.

शब्दांचंही तसंच. पांगळा, थोटा, लुळा हे शब्द गेले, अपंग आला, विकलांग आला, २०१५ च्या अखेरीस दिव्यांग आला. शब्द बदलले हे चांगलंच. थोटे तात्यांना नाव मिळालं असतं तर मला आनंद झाला असता. पण नुसता शब्द बदलणं हे नाक बसवणं आहे. १९९५ च्या कायद्याने सरकारी नोकऱ्यांत ३ टक्के आणि २०१६ च्या कायद्याने ४ टक्के राखीव जागा दिल्या, हा हात देण्याचा प्रयत्न आहे. शेतावरच्या मळणी यंत्रात हात जातात म्हणून १९८३ मध्ये धोकादायक यंत्रांचा कायदा झाला, तोही हाताचाच कायदा. आपण शब्दांवर जितकं भांडतो, त्याच्या चौथाईने तरी मळणी यंत्राच्या तोंडावर जाळी बसली आहे की नाही ते बघतो का?

आपल्यातले काही जण लगेच कर्माचा सिद्धांत पुढे करतात. 'मागच्या जन्मीचं असेल.' तत्त्वज्ञानाचा माणूस म्हणून मी या सिद्धांताची टिंगल करणार नाही, त्याच्यामागे फार मोठा विचार आहे. पण हात गेलेल्या माणसासमोर तो उच्चारला की तो जुना प्रश्नच परत येतो: याने काय केलं? म्हणजे आपण परत कापलेल्या नाकाच्या काळात जातो. शिवाय कर्मसिद्धांताचा अधिकार असेल तर तो स्वतःच्या दुःखापुरता. दुसऱ्याच्या दुःखाला तो लावायचा अधिकार मला कोणत्याही शास्त्रात सापडलेला नाही.

तेव्हा आजच्या व्याख्यानातून घरी न्यायचं ते एवढंच. हात किंवा पाय गेलेला माणूस भेटला की आपली नजर आपोआप तिथे जाते. जाऊ दे, नजरेवर ताबा कोणाचाच नसतो. नजर गेली म्हणून अपराध्यासारखं दुसरीकडे बघायचंही कारण नाही. पण त्यानंतर 'कसं झालं हो हे?' हा प्रश्न ओठांवर येतो, तो जरा थांबवा. त्याने तो हजार वेळा ऐकलेला असतो, आणि प्रत्येक वेळी त्याला आपली सगळ्यांत वाईट दुपार परत सांगावी लागते. त्याला बोलायचं असेल तर तो सांगेल. आपण त्याचं नाव विचारावं. आणि एकत्र काम करायचं असेल, प्रवास करायचा असेल, पंगतीला बसायचं असेल, तर साधं विचारावं: तुम्हाला इथे कसं सोयीचं पडेल? जयपूरला बदल घडला तो याच प्रश्नाने.

कावसजीला हे कोणी विचारलं असेल का, आणि त्याने काय उत्तर दिलं असेल, हे कळायला कागद नाही. आज जे हात, जे पाय जात आहेत, त्यांच्या माणसांची उत्तरं लिहून ठेवणं मात्र आपल्याला शक्य आहे. तरुण संशोधक ऐकत असतील तर त्यांनी हे काम जरूर घ्यावं. साखर कारखाने, गिरण्या, लोकलचे रूळ, मळणीची खळी, यांचा तो इतिहास आहे, आणि तो अजून लिहिला गेलेला नाही.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर घेऊ.